मोजपट्टी आणि पाणी : स्त्रियांच्या पोहण्याच्या पोशाखाच्या इतिहासाची चिकित्सा

प्रस्तावना

वेशभूषेच्या इतिहासात स्त्रियांच्या पोहण्याच्या पोशाखाइतके झपाट्याने बदललेले वस्त्र क्वचितच आढळते. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात गळ्यापासून घोट्यापर्यंत अंग झाकणारा लोकरी झगा विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत चार तुकड्यांच्या बिकिनीपर्यंत येऊन पोहोचला. हा बदल इतका ठळक आहे की त्याची कथाही एका ठराविक सूत्रात बांधली गेली. कापड कमी होत गेले आणि स्त्री मुक्त होत गेली, असे ते सूत्र आहे. याच सूत्राची उलट बाजू मांडणारे आणखी एक सूत्र प्रचलित आहे. कापड कमी होत गेले आणि मर्यादा सुटत गेली, असे ते सांगते. एक सूत्र गौरवाचे व दुसरे निषेधाचे असले तरी दोहोंची मोजपट्टी एकच आहे. दोन्ही सूत्रे कापडाची लांबी मोजतात. मराठीत या विषयावर होणारी चर्चाही ‘तोकडे’ या एका विशेषणाभोवती फिरते, आणि ‘तोकडे’ हे विशेषण मुळात मापाचेच आहे.

कापडाची लांबी ही या इतिहासाची खरी कसोटी ठरू शकते काय, या प्रश्नाचा विचार करणे हे प्रस्तुत लेखाचे उद्दिष्ट आहे. त्यासाठी पोशाखाच्या वाटचालीतील निवडक टप्पे, त्यांमागील सामाजिक व तांत्रिक कारणे आणि त्यांविषयी रूढ झालेल्या कथा यांची चिकित्सा येथे केली आहे. विवेचनाचा मुख्य भर ऑस्ट्रेलिया, अमेरिका व युरोप यांवर आहे, कारण आधुनिक पोहण्याचा पोशाख तेथेच घडला. भारतीय व मराठी संदर्भ जेथे प्रत्यक्ष जुळतो तेथेच घेतला आहे.

१. स्नानाचे वस्त्र आणि पोहण्याचे वस्त्र

पहिला महत्त्वाचा भेद स्नान आणि पोहणे यांतील आहे. अठराव्या व एकोणिसाव्या शतकांत इंग्लंडच्या किनाऱ्यावर समुद्रस्नान हा वैद्यकीय उपचार मानला जाई. चाकांवरची लाकडी कोठडी घोड्याच्या साहाय्याने पाण्यात ओढली जाई, स्त्री आतल्या आत कपडे बदले आणि पायऱ्यांवरून थेट पाण्यात उतरे. तिच्या झग्याचा घेर पाण्यावर तरंगून वर येऊ नये म्हणून काठाला वजने शिवण्याची पद्धतही होती. त्या वस्त्राचे काम शरीर झाकण्याचे होते. त्यात हात मारून पुढे जाणे अभिप्रेतच नव्हते.

पुढे झग्याची जागा आखूड अंगरखा व विजार यांनी घेतली, तरी कापड लोकरीचे किंवा फ्लॅनेलचेच राहिले. लोकर भिजल्यावर पाणी धरून ठेवते व अंगावर ओझे होते. अशा वस्त्रात उथळ पाण्यात डुंबणे शक्य होते, खोल पाण्यात जीव वाचवणे मात्र कठीण होते.

या प्रश्नाचे गांभीर्य १५ जून १९०४ रोजी न्यूयॉर्कच्या ईस्ट रिव्हरमध्ये प्रकर्षाने दिसून आले. ‘जनरल स्लोकम’ या प्रवासी बोटीला आग लागली आणि हजाराहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. चर्चच्या सहलीला निघालेल्या या प्रवाशांत बहुसंख्य स्त्रिया आणि मुले होती. किनारा फार दूर नव्हता. बोटीवरील जीवरक्षक साधने कुचकामी निघाली हे मोठे कारण होतेच, परंतु बहुतेकींना पोहता येत नव्हते आणि अंगावरच्या जड कपड्यांनी त्यांना खाली ओढले, हेही तितकेच खरे. या दुर्घटनेनंतर मुलींना पोहणे शिकवण्याच्या मागणीला अमेरिकेत बळ मिळाले. १९१७ मध्ये शार्लट एप्स्टीन यांच्या पुढाकाराने न्यूयॉर्कमध्ये स्त्रियांची स्वतंत्र जलतरण संघटना स्थापन झाली, तिच्या मागेही ही जाणीव होती. पोहण्याच्या पोशाखाचा प्रश्न हा प्रथमतः जगण्या-मरण्याचा प्रश्न होता, हे रूढ कथेत सहसा येत नाही.

२. ॲनेट केलरमन : कथा आणि तिची उपयुक्तता

या इतिहासाची नायिका म्हणून ऑस्ट्रेलियन जलतरणपटू ॲनेट केलरमन (१८८६–१९७५) यांचे नाव सर्वत्र घेतले जाते. लहानपणी पायांच्या दुबळेपणामुळे त्यांना लोखंडी आधार वापरावे लागले व उपचार म्हणून त्या पोहण्याकडे वळल्या. १९०५ मध्ये त्यांनी इंग्लिश खाडी पोहून जाण्याचा प्रयत्न केला. पुरुषांच्या पोहण्याच्या पोशाखाला लांब मोजे जोडून त्यांनी अंगाला बसणारा काळा, सलग पोशाख तयार केला. आजच्या वन-पीस पोशाखाची ती पूर्वपीठिका मानली जाते.

१९०७ मध्ये बॉस्टनजवळच्या रिव्हिअर बीचवर याच पोशाखामुळे त्यांना अटक झाली, ही कथा जवळजवळ प्रत्येक लेखनात येते. मात्र त्या अटकेला दुजोरा देणारी तत्कालीन नोंद अभ्यासकांना सापडलेली नाही, आणि कथेचा मुख्य आधार स्वतः केलरमन यांनी पुढील काळात केलेले कथन हाच आहे. केलरमन या जलतरणपटू होत्या तशाच रंगमंचावरील व चित्रपटांतील कलावंतही होत्या. प्रसिद्धीचे मोल त्यांना ठाऊक होते. तेव्हा या कथेकडे सिद्ध घटना म्हणून न पाहता एका व्यावसायिक स्त्रीने स्वतःची रचलेली प्रतिमा म्हणून पाहणे अधिक न्याय्य ठरेल. त्यामुळे त्यांचे श्रेय कमी होत नाही. बदल एका अटकेने व एका नायिकेने घडतो, हा समज मात्र ढळतो.

याच केलरमन यांच्या बाबतीत दुसरी घटना अधिक बोलकी आहे. हार्वर्ड विद्यापीठातील शारीरिक शिक्षणाचे प्राध्यापक डडली सार्जंट यांनी हजारो स्त्रियांच्या शरीराची मापे गोळा केली होती. त्यांच्याशी ताडून त्यांनी केलरमन यांना ‘परिपूर्ण’ स्त्री ठरवले. ही उपाधी केलरमन यांच्या जाहिरातींत अनेक वर्षे झळकत राहिली. ज्या पोशाखाने पोहणारीचे हातपाय मोकळे केले, त्याच पोशाखाने तिचे शरीर मापाखाली आणले. हा दुहेरीपणा पुढच्या सर्व इतिहासात कायम राहिला.

३. स्टॉकहोम १९१२ : स्त्रीवादातील अंतर्विरोध

ऑलिम्पिकमध्ये स्त्रियांच्या जलतरणाला प्रथम स्थान मिळाले ते १९१२ च्या स्टॉकहोम स्पर्धेत. शंभर मीटर मुक्त शैलीत ऑस्ट्रेलियाच्या फॅनी ड्युरॅक यांनी सुवर्ण व त्यांच्याच सहकारी मिना वायली यांनी रौप्यपदक मिळवले. या दोघींच्या जाण्याला मोठा विरोध झाला होता आणि त्यांच्या प्रवासासाठी निधी उभारावा लागला होता.

लक्षणीय गोष्ट अशी की हा विरोध केवळ सनातनी पुरुषांचा नव्हता. न्यू साउथ वेल्समधील स्त्रियांच्या हौशी जलतरण संघटनेच्या अध्यक्षा रोझ स्कॉट या मताधिकार चळवळीच्या अग्रणी नेत्या होत्या. पुरुष प्रेक्षकांसमोर स्त्रियांनी स्पर्धेत उतरू नये, ही त्यांची ठाम भूमिका होती. संघटनेने नियम शिथिल करताच त्यांनी पद सोडले. स्कॉट यांना केवळ प्रतिगामी म्हणणे सोपे आहे, परंतु ते अपुरे आहे. पोहणाऱ्या स्त्रीकडे प्रेक्षक खेळाडू म्हणून न पाहता देह म्हणून पाहतील, ही त्यांची शंका होती, आणि पुढील शतकाने ती पूर्णतः खोटी ठरवली असे म्हणता येत नाही. त्यांच्या निदानात तथ्य होते. त्यांचा उपाय मात्र चुकीचा होता, कारण पाहणाऱ्याच्या दृष्टीचा दंड त्यांनी पोहणारीला भरायला लावला. ड्युरॅक यांनी तो भरण्यास नकार दिला, हे त्यांच्या सुवर्णपदकाइतकेच महत्त्वाचे आहे.

४. मनाईची मोजपट्टी आणि बक्षिसाची मोजपट्टी

१९२० च्या दशकात अमेरिकेतील अनेक किनाऱ्यांवर पोशाखासंबंधी नियम होते. वॉशिंग्टनमध्ये १९२२ साली टिपलेले एक छायाचित्र प्रसिद्ध आहे. त्यात बिल नॉर्टन हा किनाऱ्यावरील पोलीस गुडघे टेकून एका तरुणीच्या पोशाखाची कड व गुडघा यांतील अंतर मोजपट्टीने मोजताना दिसतो. तेथे सहा इंचांहून अधिक अंतराला मनाई होती. हे छायाचित्र आज गमतीचा नमुना म्हणून छापले जाते.

त्याच काळातील अटलांटिक सिटीकडे पाहिले असता ही गंमत उरत नाही. १९२१ च्या सप्टेंबरात लुईस रोझीन नावाच्या लेखिकेने मोजे गुडघ्याखाली गुंडाळले म्हणून तिला तेथे तुरुंगात जावे लागले. अवघ्या काही दिवसांनी त्याच शहरात, पोहण्याच्या पोशाखातील तरुणींची परीक्षकांसमोर स्पर्धा झाली. तिची विजेती सोळा वर्षांची मार्गारेट गॉर्मन ही पुढे पहिली ‘मिस अमेरिका’ म्हणून ओळखली गेली. एकाच किनाऱ्यावर एकीला गुडघ्याबद्दल शिक्षा व दुसरीला बक्षीस, या दोन घटना विसंगत वाटतात. परंतु दोन्ही ठिकाणी निर्णय मोजणाऱ्याच्या हाती होता. रोझीन यांनी आपल्या गुडघ्याचा निर्णय स्वतः घेतला होता. गॉर्मन यांचा देह नगराच्या पर्यटनव्यवसायाच्या चौकटीत सादर झाला होता. शिक्षा गुडघ्याला झाली नाही, ती निर्णयाला झाली, असे म्हणणे अधिक सयुक्तिक ठरेल.

याच दशकात या दोन्ही मोजपट्ट्यांबाहेरचे एक उदाहरण घडले. ६ ऑगस्ट १९२६ रोजी गर्ट्रूड एडरली यांनी इंग्लिश खाडी पोहून पार केली आणि पुरुषांचा तोवरचा विक्रम सुमारे दोन तासांनी मोडला. पूर्वीच्या प्रयत्नातील सलग पोशाखात पाणी भरून कातडी सोलवटत असे. म्हणून या वेळी त्यांनी व त्यांच्या बहिणीने मिळून दोन भागांचा हलका पोशाख तयार केला होता. बिकिनीच्या वीस वर्षे आधीचा हा टू-पीस पोशाख कोणाला दिसावा म्हणून शिवलेला नव्हता. समुद्रात चौदा तासांहून अधिक काळ टिकण्यासाठी तो शिवलेला होता.

५. बिकिनी : नावातील विस्मरण

दुसऱ्या महायुद्धात कापडाची टंचाई होती. १९४३ मध्ये अमेरिकन शासनाने स्त्रियांच्या पोहण्याच्या पोशाखातील कापड दहा टक्क्यांनी कमी करण्याचे बंधन घातले आणि टू-पीस पोशाख बाजारात रुळला. १९४६ च्या उन्हाळ्यात फ्रान्समध्ये जाक हाइम यांनी ‘आतोम’, म्हणजे अणू, या नावाने छोटा पोशाख आणला. ५ जुलै १९४६ रोजी पॅरिसच्या मोलितोर तलावावर लुई रेआर यांनी त्याहून लहान पोशाख सादर केला. रेआर शिक्षणाने अभियंता होते. पोशाख घालून उभी राहिली ती मिशेलिन बर्नार्दिनी ही नर्तकी. कापडावर वृत्तपत्राचा मजकूर छापलेला होता, कारण आपला पोशाख बातमी होणार याची रेआर यांना खात्री होती.

त्याआधी चारच दिवस, १ जुलै रोजी, अमेरिकेने पॅसिफिक महासागरातील बिकिनी या प्रवाळद्वीपावर अणुस्फोट चाचणी केली होती. रेआर यांनी तेच नाव पोशाखाला दिले. रूढ इतिहासात येथे ‘स्फोटक’ पोशाखाविषयीची कोटी येते व कथा पुढे सरकते. चिकित्सेने मात्र येथेच थांबले पाहिजे. त्या चाचणीसाठी मार्च १९४६ मध्ये बिकिनी बेटावरील १६७ रहिवाशांना राँगेरिक या दुसऱ्या बेटावर हलवण्यात आले होते. तेथे अन्नाची टंचाई झाली व लोकांची उपासमार झाली. १९५८ पर्यंत बिकिनीवर २३ अणुचाचण्या झाल्या. १ मार्च १९५४ चा ‘ब्राव्हो’ स्फोट अमेरिकेने केलेल्या स्फोटांतील सर्वांत मोठा होता. १९७० च्या दशकात काही कुटुंबे परतली, परंतु त्यांच्या शरीरात किरणोत्सर्गी द्रव्य साचत असल्याचे आढळल्याने १९७८ मध्ये त्यांना पुन्हा बेट सोडावे लागले.

आज जगातील बहुतेक भाषांत ‘बिकिनी’ हा शब्द उच्चारताच वस्त्र आठवते, बेट आठवत नाही. मराठीही याला अपवाद नाही. एका लोकसमूहाच्या मातृभूमीचे नाव फॅशनच्या बाजारात विरून गेले. ज्या वस्त्राला मुक्तीचे प्रतीक म्हटले जाते, त्याचे नाव विस्थापनातून उचललेले आहे, ही नोंद कोणत्याही गंभीर लेखनात असावयास हवी.

६. तंतू, वेग आणि उलटे फिरलेले सूत्र

पोशाखाच्या आकारात जे बदल झाले त्यांतील मोठा वाटा नीतिकल्पनांपेक्षा तंतूंचा आहे. विणलेल्या ताणदार लोकरीनंतर १९३० च्या दशकात रबरी धाग्याचा ‘लास्टेक्स’ आला आणि पोशाख अंगाला धरून बसू लागला. नायलॉनने वजन घटवले. १९५८ मध्ये ड्यूपाँट कंपनीतील जोसेफ शिव्हर्स यांनी स्पँडेक्स, म्हणजेच पुढे ‘लायक्रा’ या नावाने ओळखला जाणारा तंतू विकसित केला. ओल्या कापडाच्या ओझ्याचा प्रश्न त्याने जवळजवळ संपवला.

आज प्रचलित असलेले वन-पीस, टू-पीस, बिकिनी, टँकिनी, पाठीवर पट्ट्यांची मोकळी रचना असलेला शर्यतीचा पोशाख व गुडघ्यापर्यंतचा स्पर्धा-सूट हे प्रकार याच तंतूंमुळे शक्य झाले. यांपैकी शर्यतीच्या पोशाखाचा इतिहास ‘कमी कापड म्हणजे प्रगती’ या सूत्राला थेट छेद देतो. १९३२ च्या लॉस एंजलिस ऑलिम्पिकमध्ये ऑस्ट्रेलियाच्या क्लेअर डेनिस यांच्या पोशाखात खांद्याचे पाते अधिक दिसते, अशी तक्रार झाली. ती फेटाळली गेली व त्यांनी दोनशे मीटर ब्रेस्टस्ट्रोकमध्ये सुवर्णपदक मिळवले. २००८ मध्ये याच्या नेमके उलट घडले. पॉलियुरेथेनचा वापर केलेले, खांद्यापासून घोट्यापर्यंत अंग झाकणारे सूट आले आणि विक्रमांचा पाऊस पडला. २००९ च्या रोम जागतिक स्पर्धेत ४३ विश्वविक्रम नोंदले गेले. अखेर आंतरराष्ट्रीय महासंघाने २०१० पासून असे सूट बंद केले. विणलेले कापडच वापरता येईल आणि स्त्रियांचा पोशाख खांद्यापासून गुडघ्यापर्यंतच असेल, असा नियम झाला. १९३२ मध्ये अंग अधिक दिसते म्हणून तक्रार होती, तर २००९ मध्ये अंग अधिक झाकले जाते म्हणून. पाण्याच्या दृष्टीने लांबीला स्वतंत्र अर्थ नाही, हेच यातून स्पष्ट होते.

७. भारतीय व मराठी संदर्भ

मराठी चित्रपटाच्या इतिहासात या विषयाची ठळक नोंद ‘ब्रह्मचारी’ (१९३८) या चित्रपटाने केली. दिग्दर्शक मास्टर विनायक व लेखक प्र. के. अत्रे यांच्या या विनोदी चित्रपटात मीनाक्षी शिरोडकर यांनी पोहण्याच्या पोशाखात एक गीत सादर केले व ते अतिशय गाजले. दांभिक ब्रह्मचर्याची खिल्ली उडवणाऱ्या या कथेत नायकाचा निश्चय डळमळीत करणे हे त्या पोशाखाचे काम आहे. सोवळ्या समाजाला चिमटा काढण्याचे धाडस त्यात निश्चितच आहे. तथापि पोशाख स्त्रीच्या अंगावर असला तरी परीक्षा पुरुषाच्या व्रताची आहे. पाणी केवळ निमित्तमात्र ठरते.

१९६६ मध्ये ‘फिल्मफेअर’च्या मुखपृष्ठावर शर्मिला टागोर बिकिनीत दिसल्या व मोठा गदारोळ झाला. त्याच शर्मिला टागोर यांनी २००४ ते २०११ या काळात केंद्रीय चित्रपट प्रमाणन मंडळाचे अध्यक्षपद भूषवले. १९९६ मध्ये बंगळुरूच्या ‘मिस वर्ल्ड’ स्पर्धेला तीव्र विरोध झाला आणि पोहण्याच्या पोशाखाची फेरी सेशेल्स बेटांवर हलवावी लागली. या विरोधात संस्कृतिरक्षक होते तशा देहाच्या बाजारीकरणाला विरोध करणाऱ्या स्त्री-संघटनाही होत्या. रोझ स्कॉट यांच्या वेळचा पेच येथे वेगळ्या रूपात पुन्हा दिसतो.

या साऱ्या चर्चेत झाकोळून जाते ते दुसरे चित्र. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिम्पिकमध्ये मुंबईच्या डॉली नाझीर आणि अवघ्या अकरा वर्षांच्या आरती साहा यांनी भारताचे प्रतिनिधित्व केले. २९ सप्टेंबर १९५९ रोजी आरती साहा इंग्लिश खाडी पोहून जाणाऱ्या पहिल्या आशियाई महिला ठरल्या. भारतातील पोहण्याच्या पोशाखाचा इतिहास सांगताना अभिनेत्रींची नावे प्रथम येतात आणि प्रत्यक्ष पोहणाऱ्या स्त्रियांची नावे क्वचितच येतात. हा क्रम योगायोगाचा नाही. आपली दृष्टी पोशाख पाहण्याची आहे, पोहणे पाहण्याची नाही, याचे ते लक्षण आहे.

८. बुर्किनीचा वाद

२००४ मध्ये सिडनीतील आहेडा झनेट्टी यांनी डोके व संपूर्ण अंग झाकणारा, तरीही पोहता येईल असा हलका पोशाख तयार केला. तोच ‘बुर्किनी’ होय. मुस्लिम मुलींना खेळात व पाण्यात उतरता यावे हा त्यांचा हेतू होता. २०१६ च्या उन्हाळ्यात फ्रान्समधील अनेक किनारी नगरांनी त्यावर बंदी घातली. फ्रान्सच्या सर्वोच्च प्रशासकीय न्यायालयाने २६ ऑगस्ट २०१६ रोजी त्यांपैकी एका नगराची बंदी स्थगित केली. पुढे जून २०२२ मध्ये त्याच न्यायालयाने ग्रेनोबल शहराला मात्र सार्वजनिक तलावांच्या नियमांत बुर्किनीसाठी सवलत देऊ दिली नाही.

बुर्किनीमागे धार्मिक दडपण असू शकते, हा आक्षेप गंभीर आहे आणि तो टाळता येणार नाही. परंतु दडपणाचा संशय आला की त्याच स्त्रीला पाण्याबाहेर काढायचे, या उपायाने तिचे स्वातंत्र्य वाढत नाही. १९२२ मध्ये पोलीस कापड वाढवायला सांगत होता, २०१६ मध्ये कमी करायला. २०२१ मध्ये युरोपीय बीच हँडबॉल स्पर्धेत नॉर्वेच्या महिला संघाने बिकिनीऐवजी आखूड विजार घातली म्हणून त्यांना १५०० युरोंचा दंड झाला. टीका झाल्यावर त्याच वर्षी आंतरराष्ट्रीय संघटनेने तो नियम बदलला. तिन्ही घटनांत मापे भिन्न आहेत. मोजपट्टी धरणारा हात मात्र स्त्रीचा नाही.

निष्कर्ष

उपरोक्त विवेचनावरून पुढील निष्कर्ष संभवतात.

१. स्त्रियांच्या पोहण्याच्या पोशाखाचा इतिहास कापड घटत जाण्याचा सरळ इतिहास नाही. युद्धकालीन टंचाई, तंतूंचे संशोधन, स्पर्धांचे नियम व बाजारपेठ यांनी त्याची दिशा वेळोवेळी बदलली आहे.

२. पोशाखाची लांबी ही मुक्तीची वा मर्यादेची कसोटी होऊ शकत नाही. पोशाखाचा निर्णय कोणी घेतला आणि त्यात पोहता येते काय, हे दोन प्रश्न अधिक विश्वसनीय कसोट्या आहेत. एडरली यांचा टू-पीस पोशाख व झनेट्टी यांची बुर्किनी लांबीने दोन टोकांना असूनही त्या कसोट्यांवर जवळ येतात.

३. रूढ कथांमध्ये अटक झालेली नायिका, खळबळजनक मुखपृष्ठ व स्फोटक नाव यांना स्थान मिळते. ‘जनरल स्लोकम’वरील बुडालेल्या स्त्रिया, बिकिनी बेटावरचे विस्थापित आणि आरती साहा यांना मिळत नाही. इतिहासलेखनातील ही निवड तपासली जाणे आवश्यक आहे.

या चर्चेचा संबंध महाविद्यालयीन जीवनाशीही पोहोचतो. मुलीला तलावावर पाठवण्याचा विषय निघाला की पोशाखाचा प्रश्न पुष्कळदा प्रथम येतो व शिकण्याचा प्रश्न मागे पडतो. स्पर्धेच्या नियमांत गुडघ्यापर्यंतचा पोशाख मान्य आहे, ही साधी माहितीही अनेक पालकांपर्यंत पोहोचलेली नसते. क्रीडा विभागाने ती पोहोचवली आणि पोशाखाची निवड विद्यार्थिनीवर सोपवली, तर काही मुली निश्चितपणे पाण्यात उतरतील. नदी, विहीर व समुद्र यांच्या सान्निध्यात राहणाऱ्या समाजात पोहता येणे ही चैनीची बाब नाही. बुडणाऱ्या माणसाच्या अंगावरचे कापड पाणी मोजत नाही. त्याला पोहता येते की नाही, एवढेच तेथे निर्णायक ठरते.